घोटभर ग्राफीन

"अहो, या भांड्यात आज तरी चटणी वाटू का, की आजही तुमचं काजळच वाटायचंय?"

शरयूनं मिक्सरचं मोठं भांडं नवऱ्याच्या नाकासमोर धरलं. भांड्याला आतून अशी काळीकुळकुळीत झिलई चढली होती की तिला त्यात स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं.

"काजळ नाही गं, ग्राफीन," भालचंद्र डिडोळकर शांतपणे म्हणाले. "जगातली सगळ्यात पातळ वस्तू आहे ती."

"पातळ असो की घट्ट, निघत का नाही ती? राखेनं घासलं, लिंबानं घासलं. काल शेंगदाण्याचा कूट केला तर लोखंडाचा कीस वाटत होता. तुम्ही दोनदा मागून खाल्लात!"

भालचंद्र मेहकरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत. सज्जन माणूस. आवाज बारीक, इस्त्री कडक. आयुष्यात एकच इच्छा बाळगून होते की आपल्या हातून एक तरी संशोधन असं व्हावं, ज्याची दखल पुण्याच्या लोकांना घ्यावी लागेल. मेहकरात राहून पुण्याला दखल घ्यायला लावणं किती अवघड असतं, हे मेहकरातच राहिल्याशिवाय कळत नाही.

त्यांना विषयही मोठा झकास सापडला होता. पेन्सिलीत शिसं असतं असं आपण म्हणतो, पण ते असतं ग्राफाइट. चिरोट्याला असतात तसे त्याला एकावर एक पदर असतात. त्यातला एकेक पदर सुटा केला की झालं ग्राफीन. बॅटरीपासून रंगापर्यंत शंभर ठिकाणी त्याला मागणी. अडचण एवढीच की हे पदर सुटले रे सुटले की लगेच परत एकमेकांना चिकटतात. त्यांना वेगळं ठेवायला मध्ये एखादा द्रव लागतो, म्हणजे द्रावक. जगभर त्यासाठी जे विलायती द्रावक वापरतात, त्यातल्या एकाची बाटली कॉलेजच्या प्रयोगशाळेतही होती. तिच्यावर नावापेक्षा धोक्याच्या सूचनाच जास्त होत्या, आणि ती उघडली की पोरांची डोकी दुखायची. भालचंद्रांना वाटलं, याच्या जागी आपला रिठा का नको? रिठ्याच्या पाण्याचा फेस त्या पदरांमध्ये शिरतो आणि त्यांना परत चिकटू देत नाही. ग्राफाइटची पूड, रिठ्याचं पाणी आणि घरचा मिक्सर. प्रयोगशाळेत मिक्सर नव्हता, म्हणून संशोधन ओट्यावर आलं.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. चुकलं ते पुढे. या द्रावकाचं कौतुक करताना भालचंद्रांना एक वाक्य सापडलं, आणि ते त्यांना इतकं आवडलं की ते जातील तिथं बोलू लागले. शिक्षकांच्या खोलीत बोलले, केस कापून घेताना बोलले, बँकेच्या रांगेत बोलले. "शंभर टक्के निरुपद्रवी! अहो, घोटभर प्यायलात तरी काही होणार नाही!"

ऐकणारे मान डोलवत. पिणार कोण होतं?

पिणारे निघाले इंद्रभान बापू.

इंद्रभान बापू जानेफळचे. भाजीपाला पिकवत. भालचंद्रांचे वडील जानेफळच्या शाळेत मास्तर होते, तेव्हापासूनचा घरोबा. बाजाराच्या दिवशी बापू मेहकरला आले की पहिला थांबा डिडोळकरांचा. शरयूसाठी मेथीची जुडी, चार वांगी ठेवायची, चहा घ्यायचा आणि आपल्या पोटाची हकिकत सांगायची. बापूंना कशाचीही ददात नव्हती. फक्त पोट साफ होत नव्हतं. हे दुःख ते इतक्या बारकाईनं सांगत की चहाबरोबर बिस्किट खाणारा माणूस बिस्किट परत बशीत ठेवी. शेवटी शरयूला त्यांची दया आली. "येत्या बाजाराला बापूंसाठी सोनामुखीचा काढा करून ठेवते. मी शाळेत गेले असले तरी दार लोटलेलं असेल. ओट्यावर गंजात काढा असेल, तो घ्यायला सांगा," असं तिनं अंबूबाईंना फोनवर सांगितलं. अंबूबाई म्हणजे बापूंच्या पत्नी. त्यांनी तो निरोप नवऱ्याच्या कानात नीट घातला.

बाजाराच्या दिवशी ओट्यावर गंज दोन होते.

दुपारी भालचंद्र आणि शरयू पाठोपाठ घरी पोचले, तर बापू ओसरीत ऐसपैस बसलेले. पांढऱ्याशुभ्र मिशांच्या खालची कड काळी झाली होती आणि ओठांच्या कोपऱ्यात बारीक फेस होता.

"सूनबाई, काढा लय जालीम बनवला बरं," बापू तृप्तपणे म्हणाले. "कडू तं असा का जिभीले मुंग्या आल्या. पन म्या एक थेंब ठेवला नाई."

शरयू आत धावली. सोनामुखीचा काढा जागच्या जागी होता. शेजारचा गंज रिकामा होता, आणि त्याच्या तळाशी जगातली सगळ्यात पातळ वस्तू चमकत होती.

"अहो!" ती आतूनच ओरडली. "तुमचं ते पिऊन टाकलं त्यांनी!"

भालचंद्रांचा चेहरा रिठ्याच्या फेसासारखा झाला. "सगळं?"

"बोलत काय उभे राहिलात? रिक्षा बोलवा! दवाखान्यात न्यायला पाहिजे!"

"नेऊ... पण शरयू, जरा विचार कर. पुढच्या आठवड्यात पुण्याहून अनुदानाची समिती येतेय. मी लिहून दिलंय की हे निरुपद्रवी आहे म्हणून. आणि मीच माणूस दवाखान्यात नेला तर..."

"विष नाही ना ते?"

"छे! मुळीच नाही."

"मग तुम्हाला घाम का फुटलाय?"

बापू या दोघांकडे आळीपाळीनं पाहत होते. "काऊन भांडून राह्यले तुमी? मले तं बरं वाटून राह्यलं." एवढं बोलून त्यांनी एक ढेकर दिला. ढेकराबरोबर एक नाजूक फुगा बाहेर आला, उन्हात थोडा तरंगला आणि फुटला.

भालचंद्र रिक्षा आणायला अनवाणीच पळाले.

डॉ. शेखर यांचा दवाखाना चौकातच होता. त्यांनी बापूंची नाडी पाहिली, जीभ पाहिली, जीभ पुन्हा एकदा पाहिली.

"काय घेतलं पोटात?"

"ग्राफीन," भालचंद्र म्हणाले.

"गोळी की सिरप?"

"नाही, म्हणजे कार्बनचे पदर. रिठ्याच्या पाण्यात. मी स्वतः तयार केलेला हरित द्रावक आहे."

"विषारी आहे का?"

प्रश्न साधा होता. शरयूनं नवऱ्याकडे पाहिलं. बापूंनी पाहिलं. कंपाउंडरनंही कागदाची पुडी बांधता बांधता मान वर केली.

"नाही," भालचंद्र म्हणाले. "म्हणजे... पर्यावरणाला नाही."

"पर्यावरणाला सलाईन लावायची आहे का मला?" डॉक्टर कडाडले. "या माणसाला आहे की नाही ते सांगा!"

भालचंद्रांना त्याचं उत्तर खरोखरच ठाऊक नव्हतं. रिठ्याच्या पाण्यात पदर किती वेळ सुटे राहतात ते त्यांना माहीत होतं. ते प्यायलेले भाजीवाले किती वेळ धड राहतात यावर त्यांचं वाचन नव्हतं. डॉक्टरांनी स्वतःच दोन-चार ठिकाणी फोन लावले आणि निकाल दिला, की काळं आहे ते पोटातून तसंच निघून जाईल. पण रिठ्यानं उलट्या होतील, जुलाब होतील, म्हाताऱ्या शरीरातलं पाणी कमी होईल, तेव्हा यांना आज इथंच ठेवा.

बापूंना खाटेवर निजवतात न निजवतात तोच भालचंद्रांचा फोन वाजला. प्राचार्य होते. मेहकरात बातमीला रिक्षा लागत नाही.

"डिडोळकर, समिती येऊन जाईपर्यंत तरी कोणाला काही पाजू नका हो."

"मी पाजलं नाही सर. ते स्वतःच प्यायले."

"मग तुमच्या प्रस्तावातलं ते 'निरुपद्रवी' खोडून टाकायचं का?"

"नको सर! निरुपद्रवीच आहे ते."

"मग माणूस दवाखान्यात काय करतोय?"

भालचंद्रांनी खाटेकडे पाहिलं. खाट रिकामी होती. कोपऱ्यातल्या संडासाचं दार जोरात आपटल्याचा आवाज आला.

"विश्रांती घेतायत, सर," ते म्हणाले.

ती विश्रांती संध्याकाळपर्यंत चालली. बापू खाटेवर कमी आणि दारापलीकडे जास्त होते. भालचंद्र बाहेरच्या बाकावर मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या घेऊन बसले. त्यांना काय काय आठवत होतं. लहानपणी मास्तरांच्या माराला भिऊन ते बापूंच्या मळ्यात लपायचे. बापू त्यांना काकडी सोलून द्यायचे आणि शोधत आलेल्या मास्तरांना तोंडावर खोटं सांगायचे. त्या माणसाला आपण काय पाजलं! "बापूंना काही झालं तर मी अनुदान मागणारच नाही," असं त्यांनी मनातल्या मनात मेहकरच्या बालाजीला सांगितलं. मग थोड्या वेळानं, "निदान यंदा तरी नाही," अशी दुरुस्ती केली.

सकाळी ते दवाखान्यात पोचले तर बापू खाटेवर मांडी घालून बसलेले. चेहऱ्यावर असं तेज की कंपाउंडर बिचकून लांब उभा होता.

"भालू," बापूंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "तुह्या बापानं मले अक्षर शिकवलं, पन तू बाप्पा त्याच्याही पुढं गेला. मी आज हलका झालो. किती वर्साचं ओझं व्हतं माह्यावर, तुले काय सांगू!"

"सांगू नका," भालचंद्र घाईनं म्हणाले.

"हे पुन्हा घ्यायचं नाही, समजलं का आजोबा?" डॉक्टरांनी बजावलं. "या वेळी निभावलं, ते नशीब. दुसरा कोणी असता तर मोठ्या दवाखान्यात हलवावा लागला असता."

"हाव ना डाक्टरसाहेब," बापू म्हणाले. पण त्यांचे कान तिथं नव्हतेच. ते स्टँडवर गेले आणि जानेफळच्या एसटीत बसले, आणि गाडी सुटल्यापासून गाव येईपर्यंत कंडक्टरसकट सगळ्या गाडीला त्यांनी आपल्या पोटाचं नवं पर्व ऐकवलं.

दोनच दिवसांत डिडोळकरांच्या फाटकाशी माणसं दिसू लागली. आधी जानेफळची. मग डोणगावची. हातात रिकाम्या बाटल्या, बरण्या, एकाच्या हातात तर फवारणीचा पंप होता. सुलतानपूरहून रुखमाबाई नावाच्या एक बाई आल्या, त्या थेट ओसरीतच येऊन बसल्या.

"सर, आमच्या मालकासाठी थोडं धावक द्या."

"काय द्या?"

"धावक. इंद्रभान बापू म्हने, सरानं धावक काढलं. पेलं का मानूस धावतो म्हून धावक."

"द्रावक! द्रावक आहे ते! औषध नाही!"

"हाव, तेच. द्या ना थोडं."

"अहो बाई, ते प्यायचं नसतं. त्रास होतो त्यानं."

रुखमाबाईंनी त्यांच्याकडे फार समजूतदारपणे पाहिलं. "सर, तुमीच तं म्हनले व्हते, घोटभर पेलं तं काई होत नाई. बापूनं सोताच्या कानानं आयकलं. आता आमी आलो तं नाई म्हनता? का जानेफळवाल्यालेच द्याचं, सुलतानपूरले नाई?"

आता आली का पंचाईत. लोकांना 'विष आहे' म्हणावं, तर ते पुण्याच्या समितीच्या कानावर जाणार. 'विष नाही' म्हणावं, तर रुखमाबाईंचे मालक धावणार. भालचंद्रांनी मधला मार्ग म्हणून फाटकाला कुलूप लावलं. लोक कुंपणावरून बाटल्या आत टाकू लागले.

"असं ऐकायचे नाहीत हे," शरयू म्हणाली. "डब्यावर कवटीच काढते मी. कवटी सगळ्यांना कळते."

तिनं शाळेतला तैलरंग आणला आणि द्रावकाच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यावर लालभडक कवटी, खाली दोन हाडं आणि 'विष' असा ठसठशीत शब्द काढला. चित्रकला तिची चांगली होती, पण स्वभाव प्रेमळ; त्यामुळे कवटी नुकतीच दात घासून आल्यासारखी हसरी झाली. भालचंद्र त्या डब्याकडे बघत राहिले. वर्षभर ज्या द्रवाला निर्विष ठरवण्यासाठी ते झटले होते, त्याच्यावर त्यांच्याच घरात विष लिहिलं गेलं होतं, आणि तेही आता खरवडून निघत नव्हतं.

"समिती आली की दुसऱ्या डब्यात ओतेन," ते म्हणाले.

पण समितीला मेहकरची वेळ कुठे ठाऊक होती? ती ठरलेल्या वेळेच्या बरीच आधी आली. भालचंद्र डबा मांडीवर घेऊन रिक्षातून उतरले तेव्हा प्राचार्य पायऱ्यांवरच उभे होते, आणि त्यांच्या शेजारी समितीच्या प्रमुख डॉ. निवेदिता गोडबोले. सुती साडी, नाकावर चष्मा, बोलणं मोजकं आणि बरंचसं इंग्रजी. भालचंद्रांनी कवटी पोटाशी घट्ट धरून त्यांना नमस्कार केला. एका हातानं.

प्रयोगशाळेत त्यांनी डबा टेबलावर अशा बेतानं ठेवला की कोरी बाजू समितीकडे आणि कवटी आपल्याकडे. पाठीमागे खिडक्या होत्या. घरून आणून ठेवलेला मिक्सर सुरू करणार इतक्यात पाठीमागून आवाज आला, "सर, आमी आलो बरं!"

खिडकीच्या गजांना जानेफळ लटकलं होतं. मधोमध इंद्रभान बापू, स्वच्छ धोतरात. "आज सरायचा सत्कार हाय म्हनून आयकलं. म्हून सगळ्याइले घेऊन आलो."

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले.

"व्हू आर दीज पीपल?" डॉ. गोडबोल्यांनी विचारलं.

"लोकल कम्युनिटी, मॅडम," भालचंद्र म्हणाले. "दे आर... इंटरेस्टेड."

प्रात्यक्षिक सुरू झालं. मिक्सर घरघरला, काळं पाणी फिरू लागलं. भालचंद्र इंग्रजीत सांगू लागले, की हा द्रावक झाडापासून मिळतो, मातीत विरून जातो आणि पूर्णपणे निर्विष आहे. 'नॉन-टॉक्सिक' हा शब्द उच्चारून ते थांबले तोच खिडकीतून हात पुढे आला. हातात बाटली होती.

"सर, या बाटलीत द्या थोडं, मंग तुमचं चालू द्या."

भालचंद्रांच्या डोक्यात एकदम वीज चमकली. समितीला इंग्रजी कळतं आणि शुद्ध मराठी कळतं. जानेफळला इंग्रजी कळत नाही. आणि पुण्याच्या बाईंना वऱ्हाडी काय कळणार? मेहकरला आल्यापासून त्यांनी आपली बोली घडी घालून ट्रंकेत ठेवली होती. वर्गात, घरात, फोनवर, कुठंही ती निघू देत नसत. आज त्यांनी ती बाहेर काढली. खिडकीकडे तोंड करून, डब्यावरची कवटी दाखवत ते दबक्या आवाजात म्हणाले, "बापू, हे जहर हाय जहर! हे पाहा मुंडकं! पेलं तं मानूस मरते!"

आणि वळून समितीला, "सेफर दॅन सोप, मॅडम."

"मंग मी काऊन नाई मेलो?" बापूंनी विचारलं.

"तुमचं नशीब! पुढच्या खेपेले मरसान!" आणि वळून, "अ चाइल्ड कॅन हँडल इट."

"त्या मुंडक्याले तं हासू येऊन राह्यलं सर," रुखमाबाईंनी मागून निरीक्षण नोंदवलं.

"व्हॉट आर दे सेइंग?" डॉ. गोडबोल्यांनी विचारलं.

"दे आर अप्रिशिएटिंग, मॅडम."

डॉ. गोडबोले उठल्या. टेबलाला वळसा घालून भालचंद्रांच्या बाजूला आल्या. त्यांनी डब्यावरची कवटी नीट न्याहाळली, खिडकीतल्या बाटल्या पाहिल्या, आणि चष्मा काढून पदरानं पुसत म्हणाल्या, "सर, माहं माहेर डोणगावचं हाय. जहर हाय का नाई, काय ते एकच सांगा ना बाप्पा. दोन्हीकून काऊन बोलून राह्यले?"

मिक्सर चालूच होता. तो बंद करण्याचंही भान भालचंद्रांना राहिलं नाही. प्राचार्यांनी बटण बंद केलं. त्या शांततेत खिडकीतलं जानेफळ आणि खुर्चीतलं पुणं, दोन्ही त्यांच्याकडे बघत होतं. इंग्रजीतलं एकही वाक्य मदतीला येईना. प्रमाण मराठीतलंही येईना. मग जे आलं ते जानेफळच्या मळ्यातून आलं.

"बापू, जहर नाई हे," ते म्हणाले. "पन पेयाचीबी चीज नाई. हे साबनाचं पानी हाय. रिठ्याचं. पेन्सिलीच्या शिश्याचे पदर याच्यात सुटे व्हतात अन् सुटेच राह्यतात, येवढंच याचं काम. कपाटात ती विलायती बाटली हाय ना, तिच्यानं पोराइचं डोकं दुखते, हात लावाले भेव वाटते. याच्यानं तसं व्हत नाई, अन् मोरीत सांडलं तं मातीत विरून जाते. म्हून मी याले चांगलं म्हनतो. घोटभर पेलं तरी काई होत नाई, हे मी नुसती फुशारकी मारली. चूक झाली माही. तुमचा जीव गेला असता तं मी कोनाले तोंड दाखवलं असतं?"

एवढं बोलून त्यांनी मिक्सरचं भांडं समितीपुढे सरकवलं.

डॉ. गोडबोल्यांनी काचेच्या नळीत ते काळं पाणी ओतलं, उजेडाशी धरलं, हलवलं, बराच वेळ पाहिलं. तळाशी काही बसलं नाही. "सर," त्या म्हणाल्या, "तुमचा प्रस्ताव वाचून आम्हाला काही नीट समजलं नव्हतं. आत्ता समजलं. याच्यासारखं लिहून पाठवा."

पुण्यानं दखल घेतली होती! पण भालचंद्रांचं लक्ष खिडकीकडे होतं. बापूंचा चेहरा हळूहळू बदलत चालला होता.

"म्हंजे," बापू एकेक शब्द तोलून म्हणाले, "मास्तरच्या पोरानं मले साबन पाजला?"

आणि ते वळले. त्यांच्यामागून जानेफळ, डोणगाव, सुलतानपूर सगळे वळले. प्रयोगशाळेत हसण्याचा स्फोट झाला. प्राचार्यसुद्धा टेबलाला धरून हसले. भालचंद्र तेवढे हसले नाहीत. पुढच्या बाजाराला ओसरीत मेथीची जुडी आली नाही. त्याच्या पुढच्या बाजारालाही नाही. शरयू बाजारातून भाजी विकत आणी आणि निवडत बसे.

अनुदान मात्र मंजूर झालं. पेढे वाटले गेले, वर्तमानपत्रात कोपऱ्यात फोटो आला. भालचंद्र उत्साहानं पिशवी घेऊन बाजारपेठेत रिठा आणायला गेले.

"रिठा नाई सर," किराणा दुकानदार म्हणाला. "मालच टिकून नाई राह्यला. जानेफळवाले येतात अन् पोतंच उचलून नेतात."

डोणगावातही तेच. सगळीकडचा रिठा संपला होता, आणि जो तो जानेफळकडे बोट दाखवत होता. मंजूर झालेलं संशोधन रिठ्यावाचून अडून बसलं. शेवटी एका रविवारी भालचंद्रांनी स्कूटर काढली आणि जानेफळ गाठलं. वाटेत माफीची चार-पाच वाक्यं त्यांनी मनाशी जुळवून ठेवली.

बापूंच्या अंगणात पोत्यांच्या चवाळ्यावर रिठा वाळत पडला होता, जोंधळा पडावा तसा. अंबूबाई बिया काढत बसल्या होत्या. बापू खाटेवर होते. त्यांनी भालचंद्रांना पाहिलं आणि नजर फिरवली.

"बापू, माहं चुकलंच," भालचंद्रांनी जुळवलेलं सगळं विसरून एवढंच म्हटलं.

"बस," बापू म्हणाले. मग तांब्या पुढे करत, "पानी पे. साधंच हाय."

पाणी झालं, चहा झाला. भालचंद्रांनी धीर करून विषय काढला. "बापू, मले थोडा रिठा पाह्यजे व्हता."

"कायले?"

"प्रयोगाला."

बापूंनी अंबूबाईंकडे पाहिलं. अंबूबाई तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या. बापू सरकून जवळ आले, इकडे तिकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "कवापासून तरास हाय?"

"बापू, खरंच प्रयोगाला पाहिजे!"

"हाव ना. म्या कुठी नाई म्हनलं?" बापूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सगळा राग त्या हातातून उतरून गेला होता. "सगळे तसंच सांगतात. ते कचेरीतले साहेब आले व्हते, ते म्हने डोकं धुवाले पाह्यजे. डोक्यावर एक केस नाई त्याइच्या!"

त्यांनी भालचंद्रांच्या पिशवीत सढळ हातानं रिठा भरला, वर दोन मुठी जास्तीच्या घातल्या, आणि गाडीपर्यंत पोचवायला आले.

"लाजू नको भालू," ते काळजीनं म्हणाले. "फकस्त येक कर. घरी पोचल्यावरच घे. रस्त्यात कुठीच आडोसा नाई."